समोरचीचा फोटो

फोटोमास्तरांच्या स्टुडिओला दोन खोल्या. पुढच्या खोलीत मास्तर, त्यांचा तीन पायांवर उभा असलेला जुना कॅमेरा, बाग रंगवलेला पडदा आणि गिऱ्हाइकाला बसायला मखमलीचं स्टूल. मागच्या खोलीत काकू, म्हणजे मास्तरांची बायको. पुढच्या खोलीत लोकांचे फोटो निघायचे आणि मागच्या खोलीत त्या फोटोंतले लोक बघण्यासारखे व्हायचे. या कामात मास्तरांचा हात धरणारा कुणी नाही, असं सगळे म्हणत. त्यातलं निम्म्याहून जास्त काम बायकोचं होतं, पण मास्तरांनी कधी कुणाचा गैरसमज दूर करायची तसदी घेतली नाही.

काम असं होतं. फोटो आधी काचेवर उलटा उमटतो, गोरं ते काळं आणि काळं ते गोरं. ती काच खिडकीशी तिरकी ठेवून, सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीने काकू तिच्यावर बारीक बारीक ठिपके द्यायच्या. काचेवर ठिपका दिला की कागदावरची तेवढी सावली नाहीशी. डोळ्यांखालची वर्तुळं, भाजल्याचे डाग, कपाळावरच्या आठ्या, सगळं जायचं. बायकांच्या फोटोंना काम जास्त. पुरुषाच्या कपाळावरची आठी म्हणजे कर्तबगारी, ती ठेवायची. बाईच्या कपाळावरची आठी म्हणजे कटकट, ती काढायची. हा नियम कुणी लिहून दिलेला नव्हता, तरी काकूंनी तो बत्तीस वर्षं पाळला. एवढं नाजूक काम ज्या हातांनी चालायचं त्या हातांना कॅमेऱ्याला शिवायची मात्र बंदी होती. "नाजूक वस्तू आहे, बायकांच्या हातात टिकायची नाही," असं मास्तर म्हणायचे, आणि हे म्हणताना त्यांना हसूही यायचं नाही.

त्यातही तान्ह्या मुलांचे फोटो म्हणजे डोक्याला ताप. मास्तरांचा कॅमेरा जुना, ते एक ते चार आकडे मोजेपर्यंत समोरच्याने हलायचं नाही. तान्हं मूल कसलं ऐकतंय! म्हणून मास्तर त्याच्या आईला स्टुलावर बसवायचे, तिच्या डोक्यापासून पायापर्यंत पांढरं कापड टाकायचे आणि कापडाखालच्या मांडीवर मूल ठेवायचे. फोटोत वाटायचं, मूल एका कापड घातलेल्या खुर्चीवर राजासारखं बसलंय. आईचा एक हात तेवढा बाहेर राहायचा, मूल पडू नये म्हणून त्याच्या कमरेशी. तो हात काचेवर बुजवून टाकायचा, ते काम काकूंचं. पेन्सिल आणि थोडा रंग लावला की हात गायब. आईबाप खूश होऊन फोटो घरी न्यायचे. आईसुद्धा खूश व्हायची, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

काकूंच्या टेबलापुढच्या खिडकीबाहेर एक अरुंद बोळ होता. बोळापलीकडे दुसरी खिडकी, हेडक्लार्कच्या स्वयंपाकघराची. त्या खिडकीत त्याची बायको. काकू तिला समोरची म्हणायच्या आणि ती काकूंना फोटोवाली. तीस वर्षं या दोघी एकमेकींच्या तोंडासमोर काम करत होत्या. एक भांडी घासायची, दुसरी चेहरे.

हेडक्लार्क चारचौघांत अभिमानाने सांगायचा, "माझ्या बायकोला उंबरठा ओलांडायची वेळ मी कधी येऊ दिली नाही." भाजी तोच आणायचा. शिंपी घरी यायचा, डॉक्टर घरी यायचा. नशीब काढलं हो बाईने, असं लोक म्हणायचे. आणि ती नशीबवान बाई खिडकीतून विचारायची, "फोटोवाली, तुमच्या पुढच्या रस्त्यावर हल्ली कसली कसली दुकानं झालीत गं?" काकू सांगायच्या. चपलांचं दुकान, घड्याळवाला, कोपऱ्यावरची बेकरी. तो रस्ता तिच्या घरापासून चाळीस पावलांवर होता. मोरीत कोंडलेल्या मांजरालासुद्धा माणसं संध्याकाळी मोकळं सोडतात.

त्या हेडक्लार्कला नाटकाचं वेड होतं. कचेरीतल्या लोकांचं मंडळ दरवर्षी एक नाटक बसवायचं. घरंदाज बायका स्टेजवर कशा आणायच्या, म्हणून बायकांची कामंही पुरुषच करायचे, आणि नायिका ठरलेली, हेडक्लार्क. अंगाने सडपातळ, आवाजाने मऊ. लोक त्याला राणी म्हणायचे आणि तो ते मानाचं समजायचा. नाटकाचं नाव बदलायचं, गोष्ट तीच. नवरा बाहेर भटकतो, बायको घरात बसून सोसते, शेवटी तो परत येतो आणि ती दिवा उचलून म्हणते, "या चार भिंती हाच माझा स्वर्ग." की टाळ्यांचा कडकडाट. पुरुषांनी लिहायचं, पुरुषांनी सोसून दाखवायचं आणि पुरुषांनीच रुमाल काढून डोळे पुसायचे!

राणीच्या अंगावरचे कपडे समोरचीचे होते. शाल तिची. दिवा उचलताना ज्योतीपुढे हात आडवा धरायची लकब तिची. दाराच्या चौकटीला खांदा टेकवून उभं राहणं तिचं. तालीमही तिच्याच स्वयंपाकघरात व्हायची. तो पुढच्या खोलीतून ओरडायचा, "अगं, पुढचं वाक्य काय?" आणि करपलेलं पातेलं घासता घासता ही सांगायची. पुस्तक बघायची गरज नव्हती, सगळं नाटक तिला तोंडपाठ. एकदा ती तेच वाक्य म्हणाली, "या चार भिंती हाच माझा स्वर्ग," आणि बोळापलीकडे काकूंची पेन्सिल थांबली. हेडक्लार्क म्हणायचा तेव्हा लोकांना गहिवर यायचा. हिच्या तोंडून ऐकल्यावर वाटलं, कुणीतरी उठून त्या घराचं दार उघडावं.

"नाटकात तूच पाहिजेस गं," काकू म्हणाल्या.

"मी? मला तर बघायलाही नेत नाहीत. म्हणतात, घरातलंच आहे, पैसे देऊन काय बघायचं?" ती हसली. "खरं सांगू? लोक माझ्याकडे बघतील आणि म्हणतील, अरे, राणी तर हिची नक्कल करतो. म्हणून नेत नाहीत."

तिला सगळं कळत होतं. कळूनही मूग गिळून बसायचं, हीच तर तिच्याकडून अपेक्षा होती.

तीस वर्षांत ती स्टुडिओत एकदाच आली. मुलगा सहा महिन्यांचा होता तेव्हा. केस विंचरून, ठेवणीतले कपडे घालून, कानात काहीतरी चमकणारं घालून ती नवऱ्याच्या मागून बोळ ओलांडून आली. आपला फोटो निघणार असं तिला वाटलं होतं. ते तिने काकूंना नंतर, वर्षभराने सांगितलं. मास्तरांनी तिला स्टुलावर बसवलं, ती ताठ बसली, आणि वरून पांढरं कापड आलं. तो फोटो हेडक्लार्कच्या पुढच्या खोलीत लागला. गुटगुटीत मूल, खाली कापड घातलेली खुर्ची. हात काकूंनी बुजवला होता, आणि फार सफाईने.

पुढे एकदा तिने खिडकीतून विचारलं, "माझा एकटीचा फोटो काढशील का गं एकदा?"

"मी नाही काढत. हे काढतात," काकू म्हणाल्या. "नवऱ्याला घेऊन ये."

तिने पुन्हा विचारलं नाही. काकूंनी ही गोष्ट नंतर कितीदा उगाळली असेल आणि स्वतःला किती शिव्या दिल्या असतील, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

मग एका वर्षी थंडीत समोरची खोकायला लागली. डॉक्टर घरी आला, पुन्हा आला, आणि पंधराव्या दिवशी ती गेली. बोळापलीकडची खिडकी बंद झाली.

मुलगा परगावी नोकरीला होता, तो आला. दहाव्या वर्षीच त्याला वसतिगृहात टाकलेलं. सुट्टीत घरी यायचा, ताटावर बसायचा, वाढलेलं खायचा आणि निघून जायचा. आईच्या ट्रंकेत तळाशी, तिच्या शालीत गुंडाळलेला एक फोटो त्याला सापडला. तो घेऊन तो स्टुडिओत आला. डोळे लाल झालेले.

"मास्तर, हा आईचा तरुणपणीचा. मोठा करून द्याल? परवा सगळे घरी जमणार आहेत, तोवर भिंतीवर लागायला हवा."

मास्तरांनी पाहिलं न पाहिलं केलं आणि फोटो मागच्या खोलीत पाठवला. काकूंनी चष्मा लावला आणि त्यांना घामच फुटला. दाराच्या चौकटीला खांदा टेकवून, हातात दिवा धरून एक देखणी, सोशिक बाई उभी होती. तो हेडक्लार्क होता. पंचवीस वर्षांपूर्वी नाटकाच्या जाहिरातीसाठी काढलेला फोटो. गळ्यावरचा कंठमणी काकूंनीच पेन्सिलीने बुजवला होता. दाढीची निळसर सावली त्यांनीच ठिपका ठिपका देऊन घालवली होती. त्या गड्याची बाई काकूंनीच केली होती, आणि इतकी चांगली केली होती की पोटचा पोरगा तिच्यापुढे आई म्हणून रडला.

काकू तशाच उठल्या, बोळ ओलांडून हेडक्लार्ककडे गेल्या. तो आरामखुर्चीत बसला होता.

"तुमच्या मुलाने आणलेला फोटो तुमचा आहे," काकूंनी सरळ सांगितलं.

"माहीत आहे," तो म्हणाला.

काकूंना वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"काय करणार काकू? तिचा फोटोच नाही. लग्नात काढला नाही आणि मग राहून गेलं." त्याने हात हवेत फिरवला. अजूनही त्यात राणीची नजाकत होती. "पोराला तो सापडला, तो रडला, त्याला बरं वाटलं. कशाला त्याचं मन मोडायचं? कपडे तिचेच आहेत. शाल तिची. उभं राहणं तिचं. चेहऱ्याचं काय घेऊन बसलात एवढं?"

"चेहऱ्याचं काय?"

"आणि खरं सांगायचं तर फोटो फार छान आलाय. लोक म्हणतील, किती देखणी होती. तिचाच मान आहे ना त्यात?"

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हयातभर हा माणूस तिचे कपडे घालून मिरवला. तिचं उभं राहणं चोरलं, तिच्या तोंडची वाक्यं पाठ करून टाळ्या घेतल्या. आता ती गेली तर तिच्या मरणातही हाच नायिका! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, पण नागोबासुद्धा मुंगीच्या नावाने स्वतःचा फोटो लावून घेत नाही. काकूंना खूप बोलायचं होतं. पण तेवढ्यात त्यांचं लक्ष त्याच्या डोक्यावरच्या भिंतीकडे गेलं. तिथे तो दुसरा फोटो होता. गुटगुटीत मूल आणि कापड घातलेली खुर्ची. काकू त्या फोटोकडे बघत राहिल्या आणि तशाच परत आल्या.

कपाटात जुन्या काचा ओळीने लावलेल्या होत्या. दोन काचा त्यांना शोधता शोधता सापडल्या. कापसाच्या बोळ्यावर टर्पेंटाइन घेऊन त्यांनी पहिली काच पुसायला घेतली. पेन्सिलीचं काम टर्पेंटाइनने निघतं. पंचवीस वर्षांपूर्वीचे ठिपके बोळ्यावर काळे होऊन आले. खाली कंठमणी निघाला, हनुवटीवरची दाढी निघाली. मग दुसरी काच. तिथे रंगही होता, वेळ लागला. काकूंनी जन्मात कधी आपलं काम असं पुसलं नव्हतं. पण हात आवरावा असं एकदाही वाटलं नाही.

मास्तर दुपारची झोप काढून आले तेव्हा मोठा केलेला फोटो पाण्याच्या ट्रेमध्ये पडला होता.

"हे काय? गिऱ्हाइकाने हा मागितला नव्हता."

"कुणी कधी मागितलाच नाही, म्हणून तर ही वेळ आली."

"अगं, धंद्याचं नाव जाईल!"

"पाटीवर नाव तुमचं आहे," काकू म्हणाल्या. "माझं काय जाणार?"

मास्तर दारात उभे राहिले. बत्तीस वर्षांत बायकोने आवाज न चढवता एवढी मोठी गोष्ट सांगितल्याची सवय त्यांना नव्हती.

तिसऱ्या दिवशी हेडक्लार्कच्या घरी माणसं जमली. कचेरीतले लोक, मंडळाचे नट, शेजारी. बायका नेहमीप्रमाणे आतल्या दारापाशी. काकू कागदात गुंडाळलेली चौकट घेऊन पुढच्या खोलीत आल्या आणि ती त्यांनी मुलाच्या हातात दिली. त्याने कागद फाडला.

"काकू, काहीतरी घोटाळा झालाय," तो म्हणाला. "हा माझा फोटो आहे. लहानपणचा."

"नीट बघ."

त्याने बघितलं. मग भिंतीवरच्या फोटोकडे, मग पुन्हा हातातल्याकडे. भिंतीवरच्या फोटोत नसलेलं काहीतरी यात होतं. बाळाच्या कमरेभोवती एक हात. सावळा, पाण्यात राहून नखं झिजलेला, अंगठ्याजवळ भाजल्याचा डाग असलेला हात, पाची बोटं घट्ट रोवून धरलेला.

"हा कुणाचा हात?"

"ती खुर्ची नाही बाळा," काकू म्हणाल्या. "ती तुझी आई आहे. कापडाखाली. ठेवणीतले कपडे घालून आली होती. तिला वाटलं होतं, तिचाही फोटो निघणार. हात मी बुजवला होता, तो मीच परत काढला."

आतल्या दारापाशी एका म्हातारीने तोंडावर हात ठेवला. हेडक्लार्क तेवढा उठला.

"काकू, हा काय तमाशा? दुसरा फोटो कुठाय? सांगितलेला?"

"आहे ना." काकूंनी पिशवीतून एक छोटा कागद काढून त्याच्या हातात दिला. "हा घ्या. तुमचा आहे, तुमच्याकडेच ठेवा."

मुलगा बापाच्या खांद्यावरून डोकावला. तीच शाल, तोच दिवा, आणि शालीच्या वर बापाची हनुवटी, दाढीचे खुंट आणि वर आलेला कंठमणी. याच बाईपुढे तो रडला होता. त्याने बापाकडे पाहिलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

एवढी वर्षं नाटकं करूनही हेडक्लार्कला या वेळचं वाक्य येईना. सांगणारी आता स्वयंपाकघरात नव्हती.

"काकू," मुलगा म्हणाला, "चेहरा? चेहऱ्याचा एकही नाही?"

"नाही."

"एकही?"

"तू मागितलास कधी? अठ्ठावीस वर्षांचा झालास. चार कॅमेरे विकत घेण्याइतकं कमावलं असशील आतापर्यंत." काकूंना त्याची दया येत होती आणि रागही येत होता, आणि रागच जास्त होता. "तिच्या भुवईवर खूण होती. कुठल्या भुवईवर, सांग बरं."

त्याला सांगता आलं नाही. खोलीत एवढी माणसं होती, एकालाही सांगता आलं नाही.

"डाव्या," काकू म्हणाल्या आणि निघाल्या. मागे खिळा ठोकल्याचा आवाज आला. फोटो लागला.

पुढच्या आठवड्यात स्टुडिओत एक जोडपं तान्हं मूल घेऊन आलं. बाईने नवे कपडे घातले होते, केस नुकतेच विंचरलेले. मास्तरांनी सवयीने तिला स्टुलावर बसवलं आणि पांढरं कापड उचललं. मागच्या खोलीचं दार उघडलं आणि काकू पुढच्या खोलीत आल्या. गिऱ्हाईक असताना त्या पुढे आल्या ती ही पहिलीच वेळ.

"कापड खाली ठेवा. आईला दिसू दे फोटोत."

"अहो, फोटो बाळाचा आहे," मुलाचा बाप म्हणाला. "आईचं काय त्यात?"

"बरं. मग बाळाला तुम्ही धरा."

"मी?"

"तुम्हीच. बसा. बाई, तुम्ही इकडे उभ्या राहा, उजेडात. हसायचं असेल तर हसा, नसेल तर राहू द्या."

बाप मास्तरांकडे बघायला लागला. मास्तर कॅमेऱ्याच्या काचेवरची नसलेली धूळ पुसायला लागले. शेवटी बाप स्टुलावर बसला, काकूंनी आपल्या हाताने ते पांढरं कापड त्याच्या डोक्यावरून पायापर्यंत ओढलं, आणि मूल कापडावरून त्याच्या मांडीवर ठेवलं. शेजारी ती बाई उभी होती. तिला हसू आवरत नव्हतं.

"गुदमरतंय हो!" कापडातून आवाज आला.

"हलू नका. फोटो बिघडेल," काकू म्हणाल्या. मास्तरांनी कॅमेऱ्याचं झाकण काढलं. आकडे नेहमी मास्तर मोजायचे. आज ते तोंड उघडणार तोच काकूंनी सुरुवात केली.

"एक," त्या म्हणाल्या, आणि दोन म्हणायला त्यांनी भरपूर वेळ घेतला.